समुद्राचे तापमान नेमके कुठे मोजायचे?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात समुद्रावर माणसाविना फिरणाऱ्या आणि पाण्याचे तापमान व क्षारता मोजणाऱ्या यंत्रांवर एक छोटे टिपण आले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावांऐवजी केवळ ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरची बोट आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याचा सल्ला येतो आणि तो उपग्रहाने पाहिलेल्या तापमानावरून काढतात, असे सांगतात. वरून सगळा समुद्र दिसत असेल, तर पाण्यात यंत्रे सोडण्याचा खर्च कशासाठी? (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर)

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे, पण अर्धे आहे. त्या सल्ल्यासाठी तापमानाच्या जोडीने पाण्यातल्या हरितद्रव्याचे प्रमाणही उपग्रहाकडूनच घेतात. गार आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडते आणि हरितद्रव्यही वाढलेले दिसते, तिथे मासळीला खाद्य असण्याचा संभव जास्त. या कामाला उपग्रह चोख आहे, कारण इथे इकडच्या आणि तिकडच्या पाण्यातला फरक तेवढा पाहायचा असतो. परंतु 'या पाण्याचे तापमान किती' असा नेमका प्रश्न विचारला, की उपग्रहालाही पाण्यात उतरलेल्या कुणाची तरी साक्ष काढावी लागते.

अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालणाऱ्या उपग्रहाला पाण्याचा जो थर दिसतो, त्याची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्शाएवढी असते. बशीत ओतलेल्या चहाचा वरचा थर जसा आधी निवतो, तशी समुद्राची ही कातडी तिच्या लगेच खालच्या पाण्यापेक्षा साधारण ०.१ ते ०.३ अंश सेल्सिअसने गार असते. तिच्याखाली मात्र उलटा प्रकार असतो. वारा पडलेल्या मे महिन्याच्या दुपारी वरचे मीटरभर पाणी खोलवरच्या पाण्यापेक्षा एक ते तीन अंशांनी तापलेले सापडू शकते, आणि रात्री किंवा वारा सुटल्यावर हा थर मिसळून नाहीसा होतो. मोठ्या जहाजांच्या इंजिनांसाठी पाणी आत घेतात ते आणखी खालून, कित्येक मीटर खोलीवरून. म्हणजे एकाच जागी, एकाच वेळी तीन निरनिराळी तापमाने मिळतात आणि तिन्ही खरी असतात. तेव्हा समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान म्हणून कुणी आकडा सांगितला, तर तो किती खोलीवरचा आणि किती वाजताचा, हे आधी विचारून घ्यावे.

हा कीस काढण्याचे कारण इतिहासात आहे. पूर्वी जहाजावरून दोराने बादली सोडून पाणी वर काढीत आणि त्यात तापमापक बुडवीत. ही बादली पुष्कळदा कॅनव्हासची असे. ओल्या कापडातून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. थोडक्यात, कॅनव्हासची बादली म्हणजे एक प्रकारचा माठच. ऐरोलीच्या खाडीकाठी मी हा प्रयोग स्वतः करून पाहिला आहे. एक प्लॅस्टिकची बादली आणि एक जाड कापडाची पिशवी अशी दोन्ही भांडी एकाच पाण्याने भरून वाऱ्यावर ठेवली, तेव्हा दहा मिनिटांत पिशवीतल्या तापमापकाचा पारा ठळकपणे खाली उतरला आणि बादलीतला जवळजवळ जागचा हलला नाही. इंजिनासाठी घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्यांची चूक याच्या उलट दिशेने होई, कारण इंजिनखोलीच्या उष्णतेने ते थोडे वाढे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नोंदींमध्ये इंजिनाजवळ घेतलेल्या मापनांचे प्रमाण वाढले, आणि १९४५ मध्ये युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या बादल्या पुन्हा पाण्यात उतरल्या. त्यामुळे जागतिक नोंदींत त्या वर्षी समुद्र एकाएकी सुमारे ०.३ अंशांनी गार झाल्यासारखा दिसतो. समुद्र जिथल्या तिथे होता, मोजण्याची रीत तेवढी बदलली होती. आणि या घसरणीचे मूळ मोजण्याच्या रीतीत आहे, हे स्पष्टपणे दाखवून दिले गेले ते थेट २००८ मध्ये.

लहान, स्वयंचलित वाहनांचा उपयोग इथे ध्यानात येतो. हजारो टनांचे जहाज ज्या पाण्यात शिरते, ते पाणी घुसळून टाकते आणि मग तापलेला पातळ थर शोधायचा कुठे? सात मीटर लांबीची, वाऱ्यावर चालणारी मानवरहित नौका अर्ध्या मीटर खोलीवर संवेदक (सेन्सर) धरून जाते, तेव्हा तो थर बराचसा जसाच्या तसा हाती लागतो. शिवाय ढगाआडचा समुद्र अवरक्त उपग्रहाला दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने आपल्याला ही उणीव जाणवत नसेल, पण नेमके त्याच दिवसांत हवामानशास्त्रज्ञांना समुद्राचे तापमान सर्वाधिक हवे असते.

प्रश्न : ही वाहने महिनोन्महिने समुद्रात राहतात, मग त्यांना इंधन कुठून मिळते? आणि पाण्याखाली असताना त्यांच्याशी संपर्क कसा ठेवतात? (घणसोली)

उत्तर : इंधन त्यांच्यापैकी बहुतेकांना लागत नाही आणि खोल पाण्यात असताना संपर्क ठेवता येत नाही. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते, आणि त्याच गुणामुळे उपग्रहाशी बोलणाऱ्या रेडिओलहरी त्यात बोटभरही शिरत नाहीत. म्हणून प्रत्येक यंत्राला बोलण्यासाठी वर यावेच लागते.

सर्वांत साधे यंत्र म्हणजे आर्गो फ्लोट. याला वाहन म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल, कारण तो प्रवाह नेईल तिकडे जातो. वीस-पंचवीस किलोचे हे नळकांडे अँटेना धरून माणसाएवढ्या उंचीचे असते. त्याच्या पोटात तेल आणि तळाशी एक रबरी फुगा असतो. पोटातले तेल फुग्यात ढकलले की वजन तेच राहून आकारमान वाढते आणि नळकांडे वर येते. तेल आत ओढून घेतले की बुडते. हा फ्लोट हजार मीटर खोलीवर निवांत पडून राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जातो, तिथून वर येता येता तापमान, क्षारता आणि दाब नोंदवतो आणि पृष्ठभागावर पोहोचल्यावर ती नोंद उपग्रहाकडे धाडतो. १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेतील फ्लोटची संख्या नोव्हेंबर २००७ मध्ये तीन हजारांवर गेली आणि आज ती चार हजारांच्या आसपास आहे. भारत इन्कॉइसमार्फत या योजनेत सहभागी आहे. गंमत म्हणजे, वरचे घाण पाणी संवेदकात शिरू नये म्हणून यांपैकी बहुतेक फ्लोट पृष्ठभागापासून सुमारे पाच मीटरवर असतानाच पाणी ओढणारा पंप बंद करतात. दोन हजार मीटर मोजून आलेला हा पाहुणा उंबरठ्यावर डोळे मिटून घेतो.

ग्लायडरही तेलाच्याच युक्तीने वर-खाली होतो, पण त्याला पंख असतात. घार जशी पंख न हलवता उंची खर्ची घालून पुढे सरकते, तसा तो बुडता बुडता आणि वर येता येता पुढे जातो, आणि त्याची वाट करवतीच्या दात्यांसारखी होते. वेग सेकंदाला पंचवीस-तीस सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. ही कल्पना अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९८९ मध्ये भविष्यातली गोष्ट म्हणून लिहिली होती. पुढे वीसच वर्षांत, २००९ मध्ये, रटगर्स विद्यापीठाचा एक ग्लायडर न्यू जर्सीहून निघून २२१ दिवसांनी स्पेनच्या किनाऱ्यापाशी पोहोचला. त्याची कार्यशक्ती केवळ बॅटरीची होती, आणि तीही मुख्यतः तेल ढकलण्यासाठीच.

पृष्ठभागावरच राहणाऱ्या वाहनांपैकी मला स्वतःला वेव्ह ग्लायडर फार आवडतो, कारण त्याला ढकलणारी शक्ती तीच असते जिच्यामुळे बोटीतल्या माणसाला मळमळते. वर सर्फिंगच्या फळीएवढा तरंगता भाग असतो, त्याखाली काही मीटर लांबीचा दोर आणि दोराच्या टोकाला झडपांसारखे पंख बसवलेला सांगाडा. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने कमी होते, त्यामुळे वरची फळी हेलकावत असताना खालचे पाणी शांत असते. फळी वर उचलली गेली की दोर सांगाड्याला ओढतो, पंख तिरके होतात आणि पाणी मागे रेटले जाते. फळी खाली आली की सांगाडा बुडताना पंख उलट बाजूला तिरके होतात आणि पाणी पुन्हा मागेच रेटले जाते. संवेदक आणि संपर्काची यंत्रणा सौरऊर्जेवर चालते. असा एक वेव्ह ग्लायडर सॅन फ्रान्सिस्कोहून निघून २०१२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाला पोहोचला. वाऱ्यावर चालणाऱ्या सेलड्रोनची मजल याहून धाडसाची आहे: त्यांतल्या एकाने २०१९ मध्ये १९६ दिवसांत अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घातली, आणि दुसरा आखूड शीड लावून ३० सप्टेंबर २०२१ रोजी अटलांटिकमधल्या सॅम या चक्रीवादळाच्या आत शिरला व तिथल्या नोंदी पाठवून सुखरूप बाहेर आला.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या विद्यार्थिदशेत क्षारता हजारी ग्रॅममध्ये लिहीत, आता नुसताच ३५ असा आकडा लिहितात. एकक कुठे गेले? आणि वीज वाहून नेण्याच्या क्षमतेवरून मीठ किती हे विश्वासाने सांगता येते का? (कळवा)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण पहिल्याचे त्यातूनच मिळेल. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्यापैकी ७७ नमुन्यांचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी पृथक्करण केले, तेव्हा दिसले की पाणी कुठलेही असो, क्षार कमी-जास्त असले तरी त्यांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ कायम राहते. भाताच्या शितावरून परीक्षा करता येते ती या नियमामुळे. प्रारंभी हे शीत म्हणजे क्लोराइड होते, आणि आपण शिकवीत असाल ते सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन जहाजांवर कित्येक दशके चालत आले. पुढे विद्युतवाहकता हेच शीत झाले.

१९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापनश्रेणीत पाण्याची वाहकता थेट वापरत नाहीत. एका किलोग्रॅम द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेल्या प्रमाण द्रावणाच्या वाहकतेशी, १५ अंश तापमानाला, तिचे गुणोत्तर काढतात. हे गुणोत्तर नेमके १ आले, तर त्या पाण्याची क्षारता ३५ धरायची. गुणोत्तराला एकक नसते, म्हणून क्षारतेलाही नाही. २०१० पासून ग्रॅम प्रति किलोग्रॅम या एककातली 'निरपेक्ष क्षारता' गणितांसाठी पुन्हा आली आहे, पण यंत्रांच्या नोंदी साठवतात त्या अजूनही एककाविना.

विश्वासाचा प्रश्न खरा उभा राहतो तो तापमानाशी. समुद्राच्या पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की त्याची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, आणि क्षारता एकने वाढल्यावर होणारी वाढही साधारण तेवढीच असते. म्हणजे तापमापक एका शतांश अंशाने चुकला की क्षारताही जवळजवळ तेवढ्याच शतांशाने चुकते. ग्लायडर गार पाण्यातून गरम पाण्यात शिरतो, तेव्हा तापमापकाला ते चटकन कळते; वाहकता मोजणाऱ्या काचेच्या नळीत मात्र मागच्या पाण्याची ऊब किंवा गारवा क्षणभर रेंगाळतो. दोन्ही संवेदक बरोबर असूनही त्यांचे घड्याळ जुळत नाही, आणि आलेखात अशी टोके दिसतात की जणू समुद्रात मिठाचे पोते फुटले. ही टोके गणिताने काढून टाकावी लागतात.

प्रश्न : आरओचे पाणी तपासण्यासाठी घेतलेला टीडीएस पेन मी ऐरोलीजवळ खाडीच्या पाण्यात बुडवून पाहिला, तर आकडाच येईना. पेन बिघडला का? (ऐरोली)

उत्तर : पेन ठीक आहे, त्याचा पल्ला संपला. घरगुती पेन बहुधा दहा हजार पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दहा हजार भाग क्षारांच्या) आतच मोजतो, आणि भर समुद्राच्या पाण्यात क्षार पस्तीस हजारांच्या घरात असतात. तसेही हा पेन क्षार मोजत नाही. तो वाहकता मोजतो आणि तिला एका ठरलेल्या गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. पंचवीस अंशांना, ३५ क्षारतेच्या पाण्याची वाहकता सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते. पेन बनवणाऱ्याने गुणक ०.५ धरला असेल तर हे पाणी साडेसव्वीस हजार पीपीएमचे ठरेल, आणि ०.७ धरला असेल तर सदतीस हजारांचे.

नमुना दहापट पातळ करून आकड्याला दहाने गुणावे, हे चटकन सुचते; पण त्यातही मेख आहे. पातळ पाण्यात आयन, म्हणजे क्षारांचे वीज वाहून नेणारे कण, एकमेकांना कमी अडवतात, त्यामुळे दहापट पातळ केल्यावर वाहकता दहाव्या हिश्शावर न येता त्याहून वर राहते, आणि दहाने गुणलेले उत्तर साधारण पाचव्या हिश्शाने जास्त भरते.

यावर उपाय म्हणजे मानकसंस्था करतात तेच घरी करणे. स्वयंपाकघरातले मीठ, दमट दिवस असतील तर तव्यावर कोरडे करून, ३५ ग्रॅम मोजून घ्यावे आणि ९६५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावे. हे आपले प्रमाण पाणी. त्यातले ५० ग्रॅम आणि साधे डिस्टिल्ड पाणी ४५० ग्रॅम एका भांड्यात घ्यावे. खाडीचे पाणी स्वच्छ कापडातून गाळून त्याचेही असेच ५० ग्रॅम दुसऱ्या भांड्यात पातळ करावे. दोन्ही भांडी तासभर शेजारी शेजारी ठेवली म्हणजे त्यांचे तापमान सारखे होईल. मग खाडीच्या भांड्यातला आकडा प्रमाण पाण्याच्या आकड्याने भागून ३५ ने गुणावे. पेनचा गुणक कुठलाही असो, तो भागाकारात उडून जातो, आणि दोन्ही पाणी सारखेच पातळ केल्याने मघाची मेखही बरीचशी निघते. खाण्याचे मीठ आणि समुद्रातले क्षार अगदी एक नसल्यामुळे काही टक्क्यांची चूक राहील, ती सोसावी. खाडीत सांडपाणी आणि नदीचे पाणी मिसळत असल्याने, क्षारांचे प्रमाण कायम असल्याचा डिटमार यांचा नियमही इथे पुरता लागू पडत नाही.

नमुन्याबरोबर भरती-ओहोटीची वेळ आणि तिथी लिहायला विसरू नये. उधाणाच्या भरतीचे पाणी आणि भांगाच्या ओहोटीचे पाणी यांत फरक पडणारच. आपल्या भागात मिठागरांवर काम केलेले कुणी ज्येष्ठ असतील, तर त्यांच्याशी जरूर बोलावे. समुद्राचे पाणी तीन-साडेतीन 'डिग्री'चे आणि मीठ धरते ते पंचविशीच्या आसपास, हे बोमे मापाचे गणित तिथे रोजच्या कामाचे होते. मात्र तो काटा पाण्याची घनता पाहतो, वाहकता नव्हे.

प्रश्न : तापमानाचे महत्त्व समजते, पण समुद्र थोडा कमी खारट असला काय आणि जास्त असला काय, आम्हा वाशीकरांना त्याचे काय? (वाशी)

उत्तर : पावसाशी त्याचा संबंध आहे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती अशा नद्यांचे पाणी येते आणि वर पाऊसही भरपूर पडतो. गोडसर पाणी हलके असल्याने ते खारट पाण्यावर तरंगत राहते आणि झाकणासारखे काम करते. वाऱ्याला खालचे गार पाणी वर काढणे जड जाते, उन्हाची उष्णता वरच्या पातळ थरातच अडकते आणि समुद्र तापलेला राहतो. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त असल्याने पाणी अधिक खारट, बऱ्याच भागात ३६ च्या पुढे असते. तिथे हे झाकण नाही, आणि पावसाळी वारे त्याचे पाणी ढवळून गार करतात.

दोन्ही समुद्र एकमेकांपासून अलिप्त नाहीत. हिवाळ्यात भारताच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह उपसागराचे गोडसर पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपच्या बाजूला आणतो. हे पाणी तिथे पसरते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच भागात तापमान तीस अंशांच्या पुढे जाते; पावसाळा केरळात दाखल होण्याआधी तयार होणारा हा उबदार पाण्याचा साठा अभ्यासकांच्या नजरेखाली असतो. चक्रीवादळांना साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागते. मे २०२१ मधले तौक्ते आपल्या किनाऱ्यासमोरून गेले, ते अशाच तापलेल्या अरबी समुद्रावरून.

उपग्रह क्षारताही पाहतात. युरोपचा स्मॉस २००९ पासून आणि अमेरिकेचा स्मॅप २०१५ पासून हे काम करीत आहे. परंतु त्यांचा एक ठिपका सुमारे चाळीस किलोमीटरचा, ज्यात वाशीपासून मांडव्यापर्यंतचे सगळे पाणी मावेल, आणि किनाऱ्याजवळ जमिनीकडून येणारा संकेत त्यात मिसळतो. मुसळधार सरीनंतर समुद्रावर गोड्या पाण्याचे जे थारोळे काही तास टिकते, ते या ठिपक्यात हरवून जाते. २०१६-१७ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातल्या एका मोठ्या मोहिमेत अशा थारोळ्यांचा माग काढण्यासाठी वेव्ह ग्लायडर वापरले गेले: एक संवेदक फळीत, दुसरा खालच्या सांगाड्यावर, म्हणजे झाकण आणि त्याखालचे पाणी एकाच वेळी मोजले जाते. २०१६ च्याच जून-जुलैत 'सिंधु साधना' या संशोधन जहाजावरून भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात ग्लायडर सोडून भर पावसाळ्यातल्या नोंदी घेतल्या.

प्रश्न : आमच्या बोटीच्या तळाला दोन-तीन महिन्यांत शेवाळ आणि शिंपले धरतात. या यंत्रांना धरत नाहीत का? (करावे)

उत्तर : धरतात, आणि या सगळ्या पत्रांतला हा सर्वांत वर्मी लागणारा प्रश्न आहे. वाहकता मोजणाऱ्या एका प्रचलित काचनळीचे भोक जेमतेम चार मिलिमीटरचे असते. समजा, आतून सगळीकडे एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ, बुळबुळीत थर चढला. त्रिज्या दोन मिलिमीटरवरून १.९९ वर आली, क्षेत्रफळ एक टक्क्याने घटले, वाहकताही तेवढीच कमी दिसू लागली आणि क्षारता सुमारे ०.४ ने उतरली. आर्गो योजनेचे उद्दिष्ट ०.०१ अचूकतेचे आहे. डोळ्यांना न दिसणारा थर चाळीस पट चूक करतो.

म्हणून नळीच्या तोंडांशी ट्रायब्युटिल टिन या विषारी संयुगाच्या वड्या बसवतात, ज्यांच्यामुळे नळीत जीव धरत नाहीत. हेच संयुग एकेकाळी जहाजांच्या तळाच्या रंगात असे आणि त्याने शिंपल्यांची हानी केल्यामुळे तिथे त्यावर जगभर बंदी आली आहे. आर्गो फ्लोटला एक सोयही आहे. त्याचे आयुष्य हजार मीटरवरच्या अंधारात आणि गारठ्यात जाते, जिथे शेवाळ वाढत नाही; शिवाय दोन हजार मीटरवरचे पाणी वर्षानुवर्षे फारसे बदलत नसल्याने तिथला आकडा सरकू लागला, तर संवेदक बिघडला हे कळते. पृष्ठभागावरच्या वाहनाला यातले काहीच नाही. ते उन्हात, शेवाळाच्या अंगणातच राहते. त्याला पाण्यात सोडताना आणि बाहेर काढताना जहाजावरच्या संवेदकाशी ताडून पाहणे, पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत प्रमाण समुद्रजलाशी त्याची तुलना करणे, हाच मार्ग उरतो. यंत्र स्वतः फिरते, पण त्याचा आकडा खरा की खोटा हे अजून माणसालाच किनाऱ्यावर बसून ठरवावे लागते, आणि माझ्या मते या विषयातला खरा कष्टाचा भाग तोच आहे.

सुरक्षित समजलेल्या आर्गोलाही फटका बसलाच. २०१५ नंतर असे लक्षात येत गेले की एकाच प्रकारच्या अनेक वाहकता-नळ्या हळूहळू जास्त क्षारता दाखवू लागल्या आहेत. चूक वेळीच न काढलेल्या माहितीत अख्खा जागतिक महासागर अधिक खारट होत चालल्यासारखा दिसू लागला, आणि समुद्रपातळीच्या वाढीचा हिशेबही काही अंशी त्यामुळे जुळेनासा झाला. नंतर फ्लोटगणिक नोंदी तपासून दुरुस्त्या करण्यात आल्या.

प्रश्न : ठाणे खाडीत ग्लायडर सोडता येईल का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : नाही. ग्लायडरला बुडायला खोली लागते आणि आपली खाडी उथळ, गाळाची आहे. त्यातून त्याचा वेग सेकंदाला पाव मीटर, तर भरती-ओहोटीची ओढ त्याच्या कितीतरी पट. तो ओहोटीबरोबर वाहून जाऊन चिखलात रुतेल, आणि पुढे फ्लेमिंगोंनाच त्याची राखण करावी लागेल. इथे पुलाच्या खांबाला बांधलेला, दर पंधरवड्याला उतरून पुसता येईल असा संवेदक अधिक कामाचा. फिरते यंत्र हवेच असेल, तर बॅटरीवर चालणारी लहान मानवरहित नाव भरतीच्या वेळी सोडून ओहोटी लागण्याआधी परत आणावी.

प्रश्न : असे यंत्र जाळ्यात आले तर काय करावे? (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर, पहिल्याच पत्राच्या शेवटी)

उत्तर : उघडू नये. आत लिथियमच्या बॅटऱ्या असू शकतात, आणि पाणी शिरलेल्या नळकांड्यात वायूचा दाब साठलेला असू शकतो. जाळे कापावे लागले नाही तर उत्तम. अँटेना धरून मात्र उचलू नये, ती मोडते. यंत्र उन्हापासून आणि इंजिनापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावे, त्यावरच्या पट्टीचा आणि क्रमांकाचा मोबाइलवर फोटो घ्यावा, कुठे आणि किती वाजता सापडले ते जीपीएसवरून टिपून ठेवावे आणि बंदराला लागल्यावर जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात कळवावे. काचनळीच्या तोंडाशी असलेल्या वड्यांना हात लावू नये. लागलाच, तर जेवणाआधी तो साबणाने स्वच्छ धुवावा.